एसजीपीटी वाढलंय, पण कशानं?

पत्र

डॉक्टर, नमस्कार.

मी परभणीला राहते, शाळेत शिकवते. माझा मुलगा चार वर्षांपासून अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात नोकरीला आहे. जुलैमध्ये मित्रांबरोबर जंगलात भटकायला गेला होता. आठवड्याभरानं मांडीवर तळहाताएवढा लाल चट्टा उठला, ताप आला, अंग ठणकायला लागलं. तिथल्या डॉक्टरांनी चट्टा बघूनच 'लाइम डिसीज' सांगितला. गोचीड चावल्यानं होतो म्हणाले आणि १४ दिवस डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या. तेव्हा रक्त तपासलं तर लिव्हरच्या तपासण्यांत एसजीपीटी ११२ होतं, जीजीटीही वाढलेलं. पोरगा बरा झाला. दिवाळीला आला तेव्हा माझ्या समाधानासाठी इथं पुन्हा रक्त तपासलं, तर एसजीपीटी अजून ६४ आहे. लाइमनं त्याचं लिव्हर खराब केलं का? नात्यातल्या एकांनी मोबाईलवर पाठवलंय की हा आजार आत लपून बसतो, सहा महिने शिरेतून इंजेक्शनं घ्यावी लागतात.

तेवढ्यात दुसरंच उभं राहिलं. सासरे जिंतूर तालुक्यात गावी असतात, वय ७०. आम्ही त्यांना दादा म्हणतो. घरी दोन म्हशी, एक गाय. जनावरांच्या गोचिडी ते हातानंच ओढून काढतात. मुलगा त्यांच्याजवळ दोन दिवस राहून आला आणि चार दिवसांनी दादांना ताप भरला. आज सातवा दिवस. डोकं फुटतंय म्हणतात, कोरडा खोकला आहे. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉईडची विडाल तपासणी केली, 'टायफॉईड निघाला' म्हणाले, तीन दिवस इंजेक्शन दिलं. ताप तसाच. एसजीपीटी १४६, एसजीओटी १८८, प्लेटलेट ८८ हजार. आता गावात बोललं जातंय की पोरानं अमेरिकेतून रोग आणला. नणंद म्हणते लिव्हरचं म्हणजे कावीळच, शेजारच्या गावात एक जण नाकात थेंब टाकून कावीळ उतरवतो. गुळवेलाचा काढा तर दोघांनाही चालू आहे. मी काय करू?

– एक आई आणि सून

उत्तर

ताई, तुमचं पत्र सदराचा वार येईपर्यंत ठेवण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तेव्हा जे बोललो ते इतर वाचकांसाठी पुन्हा लिहितो. या दिवसांत असा ताप एकट्या तुमच्याच घरी आलेला नाही.

पहिली गोष्ट सांगितली ती ही की दादांना अंगावरचे कपडे काढून उजेडात नीट बघा. काखा, जांघा, पाठ, कंबर, कानामागं, सगळीकडं. काळी खपली दिसते का ते शोधा. दादा लाजले असणार, पण तुमच्या मिस्टरांनी ते काम चोख केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोटो आला. करदोडा जिथं रुततो तिथं, डाव्या कुशीला, वाटाण्याएवढी काळी खपली आणि तिच्याभोवती लालसर कडं. दादांना तिचा पत्ताच नव्हता. असणारही नाही, कारण ती दुखत नाही, खाजत नाही, आणि करदोड्याखाली कोण बघायला जातं? सात दिवसांत दादांना दोन ठिकाणी सलाईन लागलं, तीन इंजेक्शनं झाली, पण सदरा कुणी वर केला नव्हता.

ही खपली आणि तसा ताप एकत्र दिसला की आपल्याकडं पहिलं नाव घ्यायचं ते स्क्रब टायफसचं. हा गोचिडीचा आजार नाही, बरं का. गवतात, बांधावरच्या झुडपांत, उंदीर-घुशींच्या बिळांजवळ डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढे बारीक किडे असतात, माईट म्हणतात त्यांना. त्यांची पिल्लं माणसाला चावतात आणि 'ओरिएन्शिया' नावाचा जंतू अंगात जातो. चावल्यापासून ताप यायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. म्हणजे दादांचा हिशेब पोराच्या येण्यापासून धरू नका, त्याच्याही मागं जा. सोयाबीनची काढणी झाली, मग बांधावरचं गवत कापलं, म्हशीसाठी भारे बांधून आणले, असं तुम्हीच फोनवर सांगितलंत. बसून, वाकून, गवतात मांडी घालून केलेलं काम ते. २०१८ साली नागपूर आणि आसपासच्या भागात याच आजाराची साथ आली होती, माणसं दगावली होती. पावसाळा सरता सरता आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत याचं प्रमाण वाढतं.

स्क्रब टायफसमध्ये लिव्हरचे आकडे वाढणं हे नेहमीचं आहे. जंतू बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात वाढतो आणि लिव्हर म्हणजे तर रक्तवाहिन्यांचं जाळंच. प्लेटलेट उतरतात, खोकला येतो, आणि वेळेत औषध मिळालं नाही तर फुप्फुसं, किडनी, मेंदू यांपर्यंत प्रकरण जातं. म्हणूनच मी घाई केली. सत्तरीतला माणूस, प्लेटलेट ८८ हजार आणि खोकला म्हटल्यावर गावात ठेवून चालणार नव्हतं. तुम्ही त्यांना त्याच दिवशी परभणीला आणून दाखल केलंत, तिथल्या डॉक्टरांनी रक्त स्क्रब टायफसच्या आयजीएम एलायझा तपासणीला पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन सुरू केलं, हे अगदी बरोबर झालं. या औषधानं बहुतेकांचा ताप ४८ तासांत उतरतो. नाही उतरला तर निदान पुन्हा तपासायचं. दादांचा दुसऱ्या रात्री घाम येऊन उतरला आणि त्यांनी सकाळी चहा मागितला, हे तुम्ही कळवलंत तेव्हा मीही जरा टेकलो.

टायफॉईडच्या इंजेक्शनाचा उपयोग का झाला नाही, हे मुद्दाम सांगतो. आपल्या भागात विडाल तपासणी कुणाचीही थोडीफार पॉझिटिव्ह येते. आधीचा संसर्ग, लस, दुसराच ताप, कशानंही. एका विडालवर टायफॉईड ठरवणं मला पटत नाही. आणि त्यासाठी सर्रास दिलं जाणारं सेफ्ट्रायॅक्सोन हे इंजेक्शन स्क्रब टायफसच्या जंतूवर चालत नाही. ते जंतूच्या बाहेरच्या भिंतीवर वार करतं. पण हा जंतू आपल्याच पेशीच्या आत बसलेला असतो.

खपली प्रत्येकाला सापडतेच असं नाही, हेही लक्षात असू द्या. ती नसली तरी आठवडाभर न हटणारा ताप, प्लेटलेट कमी आणि लिव्हरचे आकडे वाढलेले असं दिसलं की स्क्रब टायफस, डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस आणि काविळीचे विषाणू ही सगळी नावं डॉक्टरांच्या डोक्यात असायला हवीत. कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडीतून येणारा एक टायफसही आपल्या राज्यात आहे. त्यात पुरळ तळहात-तळपायांवरही येतं. कुटुंबातलं कुणी विचारलं तर एवढं सांगा.

आता मुलाकडं येऊ.

त्याला झालेला लाइम हा अमेरिकेच्या ईशान्य भागात भरपूर आढळणारा आजार. नावच मुळी कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून पडलं. १९७५ च्या सुमारास त्या भागात लहान मुलांचे गुडघे सुजायला लागले. डॉक्टर त्याला लहान मुलांचा संधिवात म्हणून मोकळे होत होते. पॉली मरे नावाच्या एका आईनं घरातल्या आणि शेजारच्या मुलांच्या दुखण्याच्या बारीक नोंदी ठेवल्या आणि आरोग्य खात्याच्या मागं लागली, तेव्हा येल विद्यापीठातल्या ॲलन स्टीर यांनी त्याचा छडा लावायला सुरुवात केली. जंतू सापडला तो १९८१-८२ मध्ये, विली बर्गडॉर्फर यांना, गोचिडीच्या पोटात. तुम्हीही तारखा-आकडे मांडून पत्र लिहिलंत, त्यानं माझं अर्धं काम झालं.

हा जंतू तिथं पसरवते ती काळ्या पायांची, हरणांवर आणि रानउंदरांवर जगणारी एक वेगळी गोचीड. तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, चावलेलं कळतही नाही. ती एखादा दिवस किंवा त्याहून जास्त वेळ चिकटून राहिली तरच सहसा जंतू अंगात जातो. आपल्या म्हशींच्या कासेला, कानात बसणाऱ्या गोचिडी वेगळ्या जातीच्या. लाइम पसरवणं हे त्यांचं काम नाही. हिमालयाच्या पायथ्याला, ईशान्य भारतात आणि दक्षिणेत पश्चिम घाटाच्या काही भागांतून लाइमच्या तुरळक नोंदी आल्या आहेत. पण जिंतूरच्या शेतकऱ्याला ताप आला म्हणून त्याची लाइमची तपासणी करायला मी सांगणार नाही. जिथं आजारच जवळपास नाही तिथं ही अँटिबॉडीची (जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेल्या प्रथिनांची) तपासणी दुसऱ्याच जंतूंमुळं खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक नवाच घोळ सुरू.

आणि पोरानं दादांना काही दिलेलं नाही. लाइम माणसाकडून माणसाकडं जात नाही. एका ताटात जेवून नाही, शेजारी झोपून नाही, खोकल्यातून नाही. गावात जे बोलताहेत त्यांना हे तुम्ही सांगू नका, दादांनाच सांगू द्या. पारावर त्यांचा शब्द जास्त चालेल.

लाइममध्ये लिव्हरचे आकडे वाढतात का? वाढतात. १९९६ साली न्यूयॉर्क भागातल्या डॉक्टरांनी चट्टा उठलेल्या ११५ रुग्णांची रक्ततपासणी प्रसिद्ध केली. लिव्हरला दुसरं काही कारण असलेले लोक त्यांनी आधीच वगळले होते. तरी १०० पैकी ४० जणांत लिव्हरची निदान एक तपासणी बिघडलेली निघाली. तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत हे प्रमाण १०० पैकी १९ होतं. सगळ्यात जास्त वाढले होते ते जीजीटी आणि एसजीपीटी, म्हणजे तुमच्या मुलाचे तेच दोन. जंतू रक्तातून अंगभर पसरलेल्यांत प्रमाण आणखी जास्त होतं. पण वाढ होती ती हलकी, बहुतेकांना त्यानं काही त्रास नव्हता, आणि औषध सुरू केल्यावर तीन आठवड्यांत बहुतेकांचे आकडे उतरले किंवा सुधारले. त्याच्या जुलैतल्या ११२ बद्दल मला म्हणून फारसं आश्चर्य वाटत नाही. त्या आजाराच्या चित्रात तो आकडा बसतो.

एक शंका तिथल्या डॉक्टरांनी तेव्हा घेतली असेलच. तीच गोचीड एका चाव्यात दुसरेही जंतू सोडू शकते. ॲनाप्लाज्मा असेल तर लिव्हरचे आकडे जास्त वाढतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात. त्यावरही डॉक्सिसायक्लिनच चालतं, म्हणजे ते असलं तरी निभावलं. बबेसिया असेल तर लाल पेशी फुटतात, डोळे पिवळे होतात, लघवी काळपट होते, आणि तिथं डॉक्सिसायक्लिन कामाचं नाही. दादांना विचारा, गाईला गोचीड ताप आला की लघवी लाल होते ते त्यांनी पाहिलंय; तो त्याच कुळातला, पण जनावरांचा वेगळा जंतू. मुलाला असं काही झालं नव्हतं, हिमोग्लोबिनही चांगलं आहे. हा विषय सोडून द्या.

प्रश्न उरतो आजच्या ६४ चा, आणि इथं मी लाइमला जबाबदार धरणार नाही. औषध संपून तीन महिने उलटून गेले, चट्टा गेला, ताप गेला, सांधे ठीक आहेत. लाइमनं वाढलेलं एसजीपीटी इतके दिवस रेंगाळत नाही. एसजीपीटी हा दारातला कुत्रा आहे ताई. तो भुंकला की कुणीतरी आलंय एवढं कळतं, चोर की पाहुणा ते आपणच जाऊन बघायचं असतं. जुलैत तो एकासाठी भुंकला, आता बहुतेक दुसऱ्यासाठी भुंकतोय.

फोनवर तुम्ही सांगितलंत की चार वर्षांत त्याचं वजन १२ किलोनं वाढलं. तर माझा पहिला संशय फॅटी लिव्हरवर आहे. आपल्या पोरांत हे फार दिसतं. हातपाय बारीक, पोट तेवढं पुढं. सोनोग्राफी, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि रक्तातल्या चरबीचं प्रमाण तपासून घ्या. हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी आयुष्यात एकदा तरी व्हायलाच हवी, ती आत्ता करून टाका. मग त्याला एकट्याला डॉक्टरांसमोर बसवा. तुम्ही बाहेर थांबा. 'तो घेत नाही' असं तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, फोनवर मात्र दोनदा म्हणालात. दारू किती, जिमला जातो का, पावडरी कोणत्या घेतो, अश्वगंधा किंवा हळदीच्या कॅप्सूल मागवतो का, हे पंचविशी-तिशीतली पोरं आईसमोर सांगत नाहीत. हळद आणि अश्वगंधा ही नावं मुद्दाम घेतली. भाजीतली चिमूटभर हळद निर्धास्त खा, पण दाट अर्काच्या कॅप्सूलनी लिव्हर बिघडल्याच्या नोंदी अमेरिकेत झाल्या आहेत. जिममध्ये नुकतंच जड वजन उचललं असेल तर स्नायूंमधूनही एसजीओटी, थोडं एसजीपीटी रक्तात येतं. म्हणून पुढच्या तपासणीआधी आठवडाभर व्यायाम हलका ठेवायचा आणि सोबत सीपीके ही स्नायूंची तपासणी करायची.

एसजीपीटी आणि एसजीओटी हे दोन आकडे लिव्हरला मार बसतोय का एवढंच सांगतात. लिव्हर काम करतंय का हे सांगतात अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याची तपासणी, म्हणजे पीटी-आयएनआर. तुमच्या मुलाची ही तिन्ही उत्तम आहेत. 'लिव्हर खराब झालं' हा शब्द त्याच्याबाबतीत काढून टाका.

लाइमची रक्ततपासणी मात्र पुन्हा करू नका. अँटिबॉडी बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. ती पॉझिटिव्ह आली की आजार आत बसलाय असं नाही, पण कागद हातात पडला की घरातली झोप उडते.

आणि ते सहा महिन्यांचं इंजेक्शन. लाइमनंतर काही थोड्या लोकांना थकवा, अंगदुखी काही महिने राहते हे खरं आहे. पण जंतू लपलाय म्हणून लांबलचक अँटिबायोटिक देऊन उपयोग होतो का, हे अमेरिकेत नीट तपासून झालंय. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३० दिवस शिरेतून आणि पुढं ६० दिवस तोंडावाटे औषध देऊनही नुसत्या खोट्या औषधापेक्षा जास्त फरक पडला नाही. तोटा मात्र लिव्हरच्या शेजारीच होतो. शिरेतून द्यायचं ते इंजेक्शन म्हणजे हेच सेफ्ट्रायॅक्सोन. ते पित्तातून बाहेर पडतं आणि जास्त दिवस दिलं तर पित्ताशयात गाळ धरतं, खडे होतात. १९९० ते ९२ दरम्यान न्यू जर्सीत लाइमच्या संशयावरून ते घेतलेल्या अनेकांना पित्ताशयाचा त्रास झाला, काहींची पित्ताशयं काढावी लागली. मज्जासंस्था किंवा हृदयापर्यंत पोचलेल्या लाइमला ते इंजेक्शन लागतं, पण तेही मोजकेच आठवडे. तुमच्या मुलाला यातलं काही नाही. पाठवणाऱ्या नातेवाइकांना नमस्कार कळवा आणि विषय संपवा.

बघा गंमत, नातवाला कनेक्टिकटात आणि आजोबांना परभणीत, दोघांना दोन वेगळे आजार आणि गोळी एकच. डॉक्सिसायक्लिनबद्दल दादांना दोन गोष्टी सांगा. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून छाती जळते. गोळीच्या वेळेला ॲसिडिटीचं औषध, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी नको, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. उन्हानं कातडी लवकर भाजते, म्हणून कोर्स संपेपर्यंत शेतात जायचं असेल तर उपरणं डोक्यावर, पूर्ण बाह्यांचा सदरा. जातीलच ते, मला माहीत आहे.

आता नाकातले थेंब. हे थेंब बहुतेक ठिकाणी देवडांगरीच्या फळाच्या रसाचे असतात. ती जहाल असते, नाकाचं अस्तर भाजतं आणि त्यातून पिवळं पाणी गळतं. लोकांना वाटतं कावीळ बाहेर पडली. ते पाणी नाकाचं आहे, लिव्हरचं नाकाशी काही नातं नाही. ८८ हजार प्लेटलेटवर ते थेंब टाकले असते तर नाकातून रक्ताची धार लागण्याची भीती होती. शिवाय दादांचं बिलिरुबिन १.४, म्हणजे कावीळ म्हणावी अशी नाहीच! नणंदबाईंचा जीव तुटतो म्हणून त्या सांगतात, त्यांच्याशी भांडू नका. त्यांना दादांच्या पथ्यपाण्याचं काम द्या.

पथ्य म्हणजे काय, तर पथ्यच नाही. आपल्याकडं लिव्हरचं नाव निघालं की माणसाला उकडलेली भाजी, उसाचा रस आणि फुटाण्यांवर ठेवतात. आठवडाभर तापलेला सत्तरीतला माणूस त्यानं आणखी खंगतो. भाकरी, पातळ पिठलं, वरण, मुगाची खिचडी, अंडं चालत असेल तर अंडं, ताक, सगळं द्या. तेल नेहमीपेक्षा थोडं कमी असलं की झालं. दादांची साखर एकदा तपासा आणि तोवर उसाचा रस लांब ठेवा.

गुळवेल दोघांचीही आजच बंद. २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला, तो त्यांना घालू द्या. ज्याचं एसजीपीटी वाढलेलं आहे त्यानं काढा घेऊन माझ्यासमोर आणखी एक शक्यता वाढवू नये, एवढंच माझं म्हणणं. दोन महिन्यांनी आकडा उतरला तर कशानं उतरला तेही मग स्पष्ट कळेल. ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल चालतं, दादांना दिवसभरात ५०० मिलिग्रॅमच्या चारपेक्षा जास्त गोळ्या नाहीत. प्लेटलेट वर येईपर्यंत डायक्लोफेनॅकसारखं अंगदुखीचं इंजेक्शन घ्यायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

गोचिडींना या खेपेला मी निर्दोष सोडलं, पण दादांची त्या हातानं ओढून नखांनी चिरडण्याची सवय मोडा. गुजरातमध्ये २०११ साली क्रिमियन-काँगो हा रक्तस्रावी ताप सापडला, तो जनावरांच्या गोचिडीतूनच आणि तिच्या रक्तातून येतो. हातमोजे घालायचे, किंवा निदान हातावर प्लॅस्टिकची पिशवी. काढलेल्या गोचिडी साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायच्या. गोठ्यात फवारायचं औषध पशुवैद्यकांना विचारून, मापानं. माणसाच्या अंगावर गोचीड चिकटली तर रॉकेल, बिब्बा, पेटती काडी यातलं काहीही नको. बारीक चिमट्यानं कातडीला लागून धरायची आणि सरळ, सावकाश ओढायची. मुलालाही हेच. तिकडं परत गेल्यावर गवतातून आला की अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागं, जांघेत, केसांत बघायचं. त्याला एकदा लाइम झाला म्हणून पुन्हा होणार नाही असं काही नसतं.

दादांना घरी सोडल्यावर धाप लागली, बडबड किंवा गुंगी आली, लघवी कमी झाली किंवा शौचाला काळी झाली तर दवाखाना गाठायचा, मला फोन नंतर. सगळं ठीक राहिलं तर कोर्स संपल्यावर आठवड्यानं त्यांचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या तपासण्या. मुलाच्या तपासण्या तो परत जाण्याआधी उरकून घ्या, सुट्टी संपत आली असेल. एसजीपीटीची पुढची तपासणी त्यानं तिकडच्या डॉक्टरांकडं दोन-तीन महिन्यांनी करावी आणि इथले कागद सोबत न्यावेत. मला रिपोर्ट पाठवाल तेव्हा कागद टेबलावर सपाट ठेवून फोटो काढा. मागच्या खेपेला जीजीटीचा आकडा तुमच्या अंगठ्याखाली गेला होता.